आठवड्याचा कागद

पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग नगरीत (आज ती कालिनिनग्राद या नावाने रशियाच्या नकाशावर आढळते) १८३४ साली फ्रान्त्स नॉयमान आणि कार्ल याकोबी या दोन प्राध्यापकांनी गणित व पदार्थविज्ञान यांचे एक अभ्यासमंडळ विद्यापीठाच्या आश्रयाने सुरू केले. आणि व्याख्यान ऐकावे, वही भरावी व घरी जावे एवढ्यावरच ज्या काळी विद्यार्थ्याचे कर्तव्य संपत असे, त्या काळी नॉयमान यांनी असा परिपाठ घातला की, शिकविलेल्या भागावरची उदाहरणे विद्यार्थ्याने स्वतः सोडवावीत, ती लेखी सादर करावीत आणि त्यांतील गुणदोषांचा ऊहापोह सर्वांसमक्ष व्हावा. विद्युत्प्रवाहाच्या वाटणीविषयीचे जे दोन नियम आपल्याकडे बारावीच्या वर्गात गिरविले जातात, ते याच मंडळात बसणाऱ्या गुस्टाव्ह किर्चहॉफ या विद्यार्थ्याने १८४५ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी मांडले. पुढे क्योनिग्सबर्गचे विद्यापीठ दुसऱ्या महायुद्धात नामशेष झाले, नगरीचे नाव बदलले, पण तो परिपाठ मात्र जर्मन विद्यापीठांत असा काही रुजला की, आज गटिंगेन, बॉन, हायडेलबर्ग वा म्युनिक यांपैकी कोठेही पदार्थविज्ञानाच्या मास्टर्स पदवीसाठी दाखल होणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची पहिली खरी गाठ पडते ती त्याच्याशीच.

जर्मनीला निघालेल्या आपल्याकडील विद्यार्थ्याच्या मनात बहुधा दोन कल्पना असतात. एक, ती प्लँक-आइनस्टाइन-हायझेनबर्ग यांची भूमी. आणि दुसरी, तेथे फी पडत नाही. दोहोंतही तथ्य आहे. परंतु तेथल्या दोन वर्षांचे यशापयश ज्या गोष्टीवर ठरते, ती थोरांच्या पुतळ्यांत नाही आणि शुल्काच्या तक्त्यातही नाही. ती दर आठवड्याला हाती पडणाऱ्या चार उदाहरणांच्या एका कागदात आहे, असे माझे मत आहे, आणि या प्रकरणात मुख्यतः त्याच कागदाविषयी लिहावयाचे आहे. तत्पूर्वी दाराशी बसलेल्या कारकुनांची रुजवात मात्र करून घेतली पाहिजे.

या पदवीचा अभ्यासक्रम १२० श्रेयांकांचा असतो, एका श्रेयांकामागे तीस तासांचे काम गृहीत धरलेले असते, म्हणजे दोन वर्षांत ३६०० तास झाले; आणि यांतील निम्मे काम पहिल्या वर्षी व्याख्याने, सराववर्ग व प्रयोगशाळा यांत, तर उरलेले निम्मे संपूर्ण दुसरे वर्ष खर्चून एकाच संशोधनविषयात करावयाचे असते. हे दुसरे वर्ष म्हणजे जुन्या 'डिप्लोम' पदवीचा वारसा होय. १९९९ सालच्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपभर बॅचलर व मास्टर अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था आली, तेव्हा जर्मन पदार्थवैज्ञानिकांनी पदवीचे नाव सोडले, परंतु वर्षभराच्या प्रबंधाची जुनी रीत नव्या चौकटीत जशीच्या तशी बसवून घेतली, आणि माझ्या मते त्यांनी फार शहाणपणा केला.

प्रवेशाच्या अर्जाबरोबर जी कागदपत्रे लागतात त्यांत भारतीय विद्यार्थ्यापुरती एक भर १ नोव्हेंबर २०२२ पासून पडली आहे: दिल्लीतील जर्मन वकिलातीशी संलग्न अशा, 'एपीएस' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या कचेरीचा दाखला. दहावीपासूनच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत की बनावट याची खातरजमा ही कचेरी करते आणि तिचा दाखला जोडल्याखेरीज विद्यार्थ्याचा व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. मग गुणांचे रूपांतर. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा काठावरचा गुण असल्याने आपले आकडे उलटे करावे लागतात. त्यासाठी कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावे, त्या बाकीला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांच्या अंतराने भागावे, भागाकाराची तिप्पट करावी आणि तीत एक मिळवावा. दहापैकी साडेआठ मिळविणाऱ्या, आणि जिथे चारला उत्तीर्ण होता येते अशा विद्यापीठातल्या मुलीचा जर्मन गुण या हिशेबाने १.७५ येतो, व तो चांगला समजला जातो. शेकडा सत्तर मिळविणाऱ्याचा, उत्तीर्णतेची मर्यादा चाळीस असेल तर, २.५ येतो, आणि अनेक विद्यापीठांत हीच प्रवेशाची शेवटची सीमा असते.

तथापि गुणांहूनही अधिक अडचण विषयांची असते. जर्मन बॅचलर विद्यार्थ्याने यामिकी, विद्युत्‌गतिकी, पुंजयामिकी आणि सांख्यिकीय पदार्थविज्ञान या चारही सैद्धांतिक विषयांचे स्वतंत्र अभ्यासक्रम पुरे करून एक छोटा प्रबंधही लिहिलेला असतो. उलट पुण्यामुंबईच्या पारंपरिक बी.एस्सी.मध्ये पहिली दोन वर्षे गणित, रसायन वा इलेक्ट्रॉनिक्स यांच्या वाटणीत जाऊन केवळ पदार्थविज्ञानाचे असे एक तिसरे वर्षच उरत आले. प्रवेशसमितीचा प्राध्यापक दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून एकेक विषय ताडून पाहतो आणि उणीव आढळल्यास अर्ज फेटाळतो, किंवा अमुक दोन विषय येथे येऊन पुरे करावेत अशा अटीवर प्रवेश देतो. आपल्याकडील पुष्कळजण घरी एम.एस्सी. उरकून तेथे पुन्हा मास्टर्सला बसतात, त्याचे मूळ या तफावतीत आहे. चार वर्षांच्या नव्या पदवीने ती पुढे भरून निघण्याजोगी आहे.

पैशाची बाब थोडक्यात सांगतो. बहुतेक प्रांतांत सरकारी विद्यापीठे शिकवणीशुल्क घेत नाहीत, दर सत्राला एक किरकोळ वर्गणी घेतात आणि तीत पुष्कळदा शहराच्या बस-ट्रामचा पासही येतो. परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताने, म्हणजेच हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह, ट्युबिंगेन यांच्या प्रांताने, २०१७च्या हिवाळ्यापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर सत्राला १५०० युरो बसविले, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४च्या हिवाळ्यापासून त्याहूनही मोठी रक्कम लागू केली. याशिवाय वर्षाच्या निर्वाहाची हमी म्हणून एक गोठविलेले खाते उघडावे लागते: सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो भरावे लागतात, व तेथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो या हप्त्याने आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम उभी करताना तारणकर्ज, मामाची मदत आणि मुदतठेव मोडणे या तिन्ही वाटा धुंडाळाव्या लागतात, हे वेगळे सांगावयास नको. १९२४ साली ढाक्क्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांना मात्र या कारकुनीची तोशीस अशी फारशी पडली नाही. आइनस्टाइनने आपल्या हस्ताक्षरात पाठविलेले एक पोस्टकार्ड त्यांनी जर्मन वकिलातीत दाखविले आणि फी न घेताच त्यांना व्हिसा मिळाला, अशी आठवण आहे. असे कार्ड सर्वांपाशी नसते!

ऑक्टोबरात तेथे उतरल्यावरचे पहिले पंधरा दिवस खोली शोधण्यात आणि ती मिळाल्यावर घरमालकाचा दाखला घेऊन नगरदफ्तरी पत्ता नोंदविण्यात जातात, कारण त्या नोंदीवाचून पुढची सरकारी कामे अडून बसतात. विद्यार्थी-वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांबलचक असते. अर्ज प्रवेशपत्र हाती पडले त्याच दिवशी करावा. विमा, बँक, वास्तव्याचा परवाना यांचा क्रमही असाच. हे सारे कंटाळवाणे आहे, पण यात अनाकलनीय असे काही नाही, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर व्याख्याने सुरू होताच ते मागे पडते.

व्याख्यानाची वेळ दहा अशी छापलेली असली तरी ते सव्वादहाला सुरू होते. हा पाव तास जुन्या रिवाजाने विद्यार्थ्याच्या हक्काचा मानलेला आहे. प्राध्यापक दीड तास फळा भरतात, संपल्यावर वर्गातील सर्वजण बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात आणि टाळ्यांच्या ठिकाणी तेवढीच दाद देऊन पांगतात. हजेरी घेतली जात नाही. तुम्ही आलात काय आणि न आलात काय, याची विचारपूस कोणी करीत नाही. आपल्याकडील पंचाहत्तर टक्के उपस्थितीच्या नियमाखाली वाढलेल्या मुलाला या मोकळिकीचा पहिल्या महिन्यात आनंद होतो. दुसऱ्या महिन्यात त्याला कागद भेटतो.

हा कागद साधारणतः सोमवारी मिळतो आणि पुढल्या सोमवारी सकाळी परत करावयाचा असतो. त्यावर तीन-चार उदाहरणे असतात, प्रत्येकापुढे गुण लिहिलेले असतात, आणि सत्रभरात मिळून निम्मे गुण ज्याने कमावले त्यालाच अनेक ठिकाणी परीक्षेस बसू दिले जाते. उदाहरण पाहावयाचे तर पुंजयामिकीच्या उजळणीतले हे घ्या: हायड्रोजनचा अणू एकसमान विद्युत्‌क्षेत्रात ठेवला असता त्याच्या ऊर्जापातळ्यांचे काय होते? योहानेस स्टार्क याने १९१३ साली प्रयोगाने दाखविलेला हा परिणाम आपला विद्यार्थी एम.एस्सी.ला शिकून गेलेला असतो, आणि दुसऱ्या पातळीचे तीन तुकडे होतात हे त्याला पाठ असते. कागदाचा पहिला प्रश्न एवढाच विचारतो की, चार अवस्थांमधील सोळा घटकांपैकी केवळ दोनच शून्येतर का राहतात, ते एकही संकलन न करता, निव्वळ सममितीच्या आधारे दाखवा. येथे पाठांतराचा आधार सुटतो. दुसरा प्रश्न मग त्या घटकांचे गणित करावयास लावतो, आणि ते काम वेळखाऊ असले तरी सरळ असते. तिसरा प्रश्न खोचक: ही सारी आकडेमोड क्षेत्र दुर्बळ आहे या गृहीतावर उभी आहे, तर दुर्बळ म्हणजे किती, ते अदमासाने सांगा. तेव्हा विद्यार्थ्याला अणूच्या पोटातले क्षेत्र स्वतः काढून पाहावे लागते. ते मीटरला सुमारे पन्नास हजार कोटी व्होल्ट भरते, आणि कोणत्याही प्रयोगशाळेतील विजेच्या दोन पट्ट्यांमधले क्षेत्र त्यापुढे किती नगण्य आहे हे उमगताच सूत्रातील प्रत्येक पद त्याला निराळे दिसू लागते. चौथा प्रश्न बहुधा संगणकावर करावयाचा असतो, आणि तो रविवारी रात्रीपर्यंत तसाच राहतो.

हा कागद एकट्याने सोडवू नये अशीच अपेक्षा असते; दोघातिघांनी मिळून एकच उत्तरपत्रिका द्यावी, असे प्राध्यापकच सांगतात. साहजिकच शनिवारी दुपारी ग्रंथालयातील एखाद्या खोलीत एक नागपूरचा, एक इराणचा आणि एक इटलीची अशी मंडळी फळ्यापुढे तासन्‌तास वाद घालताना दिसतात, आणि परक्या देशातील पहिली मैत्री बहुधा याच फळ्यापुढे जुळते. आठवड्यातून एकदा जो सराववर्ग भरतो, ज्याला तेथे 'युबुंग' म्हणतात, त्याचा अधिकारी प्राध्यापक नसून एखादा डॉक्टरेटचा विद्यार्थी असतो. तो नावे वाचून कोणालाही फळ्याकडे बोलावतो, आणि उत्तरपत्रिकेत लिहिलेली ओळ तुम्हाला समजावून सांगता आली नाही, तर ती कोठून आली हे तो न रागावता विचारतो. आपल्या मुलांना हा न रागावलेला प्रश्न फार लागतो, असे अनेकांकडून ऐकले आहे. गुरूपुढे 'मला हे कळले नाही' असे म्हणणे म्हणजे आपली उणीव चव्हाट्यावर मांडणे, ही समजूत आपल्या वर्गांनी आपल्याला दिली आहे. तेथे ते वाक्य कामकाजाची सुरुवात म्हणून वापरले जाते.

हजेरीच्या अभावाची किंमत सत्राच्या शेवटी कळते. परीक्षा पुष्कळदा तोंडी असते: प्राध्यापक, एक नोंद ठेवणारा साक्षीदार, काही कोरे कागद आणि अर्धा-पाऊण तास. नापास झालेल्याला पुन्हा बसता येते, पण सामान्यतः तीनदाच, आणि आवश्यक विषयात तिसऱ्यांदा अपयश आले तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. आपल्याकडे 'एटीकेटी'च्या आश्रयाने वर्ष पुढे ढकलण्याची जी सवय लागते, ती तेथे घेऊन जाऊ नये.

प्रयोगशाळेविषयी एक जुनी हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. म्युनिकमध्ये १९२३ साली बाविशीच्या आतला वेर्नर हायझेनबर्ग डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेला बसला, तेव्हा प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्हेल्म वीन यांनी त्याला व्यतिकरणमापकाची व सूक्ष्मदर्शकाची विभेदनशक्ती विचारली, विजेचा संचायक घट कसा चालतो हेही विचारले, आणि त्याला एकाचेही धड उत्तर देता आले नाही. सैद्धांतिक विषयाचे गुरू झोमरफेल्ड यांनी भरघोस गुण दिले म्हणून तो कसाबसा तिसऱ्या श्रेणीत पार पडला. चारच वर्षांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडताना त्याने सूक्ष्मदर्शकाचाच दाखला घेतला, आणि त्या सूक्ष्मदर्शकाच्या विवेचनातली चूक नील्स बोर यांना दाखवून द्यावी लागली. वीन यांचा प्रश्न वावगा नव्हता. मास्टर्सच्या पहिल्या वर्षातील प्रगत प्रयोगवर्गात ती करडी नजर अजून शिल्लक आहे: म्यूऑन कणाचे २.२ मायक्रोसेकंदांचे आयुष्य मोजावयाचे असेल, तर यंत्राला हात लावण्यापूर्वी देखरेख करणारा अर्धा तास तोंडी तपासणी घेतो आणि तयारी नसेल तर परत पाठवितो. रीडिंग घेऊन, शेजाऱ्याच्या जर्नलशी ताडून, सही-शिक्का मिळविण्याच्या आपल्या रिवाजाचा तेथे निभाव लागत नाही; अहवालातील निम्मा मजकूर उत्तरापेक्षा उत्तरातील त्रुटीच्या अंदाजाविषयी असावा लागतो.

भाषेचा प्रश्न पूर्वीइतका तीव्र उरलेला नाही, कारण मास्टर्सची व्याख्याने बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होतात. शंभर वर्षांपूर्वी पदार्थविज्ञान शिकावयाचे म्हणजे जर्मन वाचता येणे ओघानेच आले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस यांनी सापेक्षतेवरील मूळ जर्मन निबंधांचा इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठातर्फे १९२० साली प्रसिद्ध केला तो याच गरजेपोटी. देवेंद्रमोहन बोस तर १९१४ साली शिष्यवृत्ती घेऊन बर्लिनला गेले, महायुद्ध पेटल्यामुळे शत्रुराष्ट्राच्या साम्राज्याचे प्रजाजन म्हणून तेथेच अडकून पडले, आणि युद्ध संपल्यावर १९१९ साली डॉक्टर होऊन परतले. त्याच काळात म्युनिकमध्ये पाउल एप्स्टाइन हा रशियाचा प्रजाजन अशाच अवस्थेत होता; झोमरफेल्ड यांच्या रदबदलीने त्याला काम करू दिले गेले आणि १९१६ साली स्टार्क परिणामाची उपपत्ती त्याने दिली. परदेशी विद्यार्थ्याचे दिवस राजकारणावर किती अवलंबून असतात, हे या दोघांनी आपल्या आधीच अनुभवून ठेवले आहे. आज वर्गापुरती जर्मन लागत नसली तरी भोजनगृहातील गप्पा, परवान्याच्या कचेरीतील खिडकी आणि पुढची नोकरी यांना ती लागते. पुण्यात तर रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन यांमुळे ती शिकण्याची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेव्हा निघण्यापूर्वीचे वर्ष त्या कामी लावणे श्रेयस्कर.

दुसऱ्या वर्षी कागद थांबतो आणि विद्यार्थी एका संशोधनगटात दाखल होतो. हा गट कोणी नेमून देत नाही. प्राध्यापकाला पत्र लिहावे, भेट मागावी, गटाच्या साप्ताहिक बैठकीला बसून पाहावे आणि परस्परांची पसंती पडली की विषय ठरवावा, अशी रीत आहे. हँबर्गला असाल तर डेझी या त्वरकसंस्थेत, डार्मश्टाटला असाल तर जड आयनांच्या जीएसआय प्रयोगशाळेत, म्युनिकला असाल तर गार्शिंगच्या माक्स प्लांक पुंजप्रकाशिकी संस्थेत प्रबंध करण्याची संधी असते. डेझीच्या क्ष-किरण उगमस्थानी भारतीय संशोधकांसाठी भारताच्या खर्चाने केलेली व्यवस्था आहे, आणि डार्मश्टाटला उभारल्या जात असलेल्या 'फेअर' प्रकल्पात आपला देश भागीदार आहे. त्यामुळे तेथे देशी चेहरा दिसण्याचे नवल वाटत नाही. पहिले सहा महिने उपकरण वा संगणकीय साधन आत्मसात करण्यात जातात, पुढचे सहा प्रबंधाचे. याच काळात गटातच तासांच्या हिशेबाने मदतनिसाचे काम मिळते, ज्याला विद्यार्थी 'हिवी' म्हणतात. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि उपाहारगृहात थाळ्या उचलण्यापेक्षा हे काम पैशाने फारसे अधिक नसले तरी विद्येच्या दृष्टीने शतपटीने बरे.

प्रबंध सादर झाला की पदवीधरास नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांपर्यंतचा वास्तव्यपरवाना मागता येतो. काहीजण प्रकाशीय उपकरणांच्या किंवा अर्धवाहकांच्या कारखान्यांत जातात, काही विमाकंपन्यांच्या गणितविभागात. आणि ज्यांना संशोधनच करावयाचे आहे त्यांना ही पदवी जवळजवळ अनिवार्यच असते, कारण अमेरिकेप्रमाणे बॅचलरनंतर थेट डॉक्टरेटला घेण्याचा प्रघात तेथे सहसा नाही. ही डॉक्टरेट तेथे बहुधा नोकरीच्या करारावर होते. सरकारी वेतनश्रेणीचा अर्धा किंवा दोन-तृतीयांश पगार, विमा, रजा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी ही सारी त्या करारात लिहिलेली असतात, आणि घरून पैसे मागविण्याचा काळ तेथे संपतो.